सोपाऱ्याची धम्मयात्रा

सुट्टी लागली की घरोघरी एकच प्रश्न निघतो, यंदा कुठे? कार्ला झाले, वेरूळ-अजिंठा झाले, कान्हेरी तर मुलांना पाठ झाली आहे. दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला आपण जातोच, त्याला सहल म्हणत नाही. मग यंदा कुठे? वाचक बंधू-भगिनींनो, यंदा नालासोपाऱ्याला चला.

हसू येणे साहजिक आहे. नालासोपारा म्हटले की विरार गाडीची गर्दी, पावसाळ्यात तुंबलेले पाणी आणि चाळीमागे चाळी हेच डोळ्यांपुढे येते. नालासोपाऱ्यात एखादा नातेवाईक नाही असा मुंबईचा माणूस विरळाच. त्या नातेवाइकाकडे आपण बारशाला जातो, लग्नाला जातो, जेवून परत येतो. पण पश्चिमेला रिक्षाने थोडे पुढे गेले की तथागतांच्या धम्माशी अडीच हजार वर्षांचे नाते सांगणारे गाव आहे, हे आपल्यापैकी कितीजणांनी मुलांना सांगितले आहे? मी स्वतः या मार्गावर कित्येक वर्षे ये-जा केली, आणि स्तूप प्रथम पाहिला तेव्हा माझी मुले शाळा संपवून मोकळी झाली होती. म्हणून हा लेख.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने बंदरांचे एक माहितीपुस्तक लिहिले. लिहिणाऱ्याचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, कोणता मिळतो, कोणत्या महिन्यात निघावे, कुठे जपून राहावे, असे सारे त्यात आहे. आजच्या भाषेत प्रवाशांचे गाइडच. या गाइडात आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरे ओळीने येतात : मलाओ, मोसिल्लोन, ओपोने आणि सर्वांत शेवटी रहाप्टा. रहाप्टाहून हस्तिदंत, गेंड्याचे शिंग, कासवाची पाठ असा माल निघे. मग पुस्तक समुद्र ओलांडून आपल्या बाजूला येते. भडोचनंतर लगेच 'सुप्पारा' आणि त्यानंतर 'कॅल्लिएना', म्हणजे आपले सोपारा आणि कल्याण.

याच पुस्तकात लिहिले आहे की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या त्या बंदरांकडे गलबते जात आणि त्यांत गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड व उसाचा गोड रस भरलेला असे. कोकणातला तांदूळ आणि देशावरचे कापड आफ्रिकेतल्या माणसाच्या ताटात आणि अंगावर! रहाप्टा आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावर कुठेतरी असावी असे अभ्यासक मानतात, पण तिची नेमकी जागा अजून ठरलेली नाही. त्या मानाने आपण भाग्यवान. सोपारा जागच्या जागी आहे, नावासकट आहे. फक्त खाडी गाळाने भरली, बंदर गेले आणि आपण विसरलो.

दगडावरचे गाइड

सोपाऱ्याचे दुसरे गाइड याहूनही जुने आहे, आणि ते आपल्याच राजाने लिहून ठेवले आहे. १८८२ साली सोपाऱ्यातील भातेला तळ्याजवळ दगडाचा एक फुटका तुकडा मिळाला. त्यावर धम्मलिपीतील काही ओळी होत्या. सम्राट अशोकाच्या मोठ्या शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तो भाग निघाला. गंमत अशी की हा आठवा लेख प्रवासाविषयीच आहे. त्याचा आशय आपल्या भाषेत असा : पूर्वी राजे विहारयात्रेला जात, त्यात शिकार आणि तशाच मौजा चालत. पण देवांच्या प्रिय राजाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला, प्रयाण केले आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तीत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी आणि दान, वृद्धांच्या भेटी आणि त्यांना आधार, खेड्यापाड्यांतील लोकांच्या भेटी, त्यांना धम्म सांगणे आणि त्यांची विचारपूस करणे हे होते. राजाला यात शिकारीपेक्षा अधिक आनंद वाटला.

येथे 'विहार' या शब्दाने आपल्या वाचकांचा घोटाळा होऊ नये. बुद्धविहार असा त्याचा अर्थ येथे नाही. विहार म्हणजे मौज, फिरणे. आजच्या भाषेत पिकनिक.

आता मला सांगा, ज्या गावात सम्राटाने 'प्रवास कसा करावा' हे दगडावर कोरून ठेवले, त्या गावाचे याहून चांगले मार्गदर्शन दुसरे कोण करणार? मी तरी सोपाऱ्याला त्याच यादीप्रमाणे जायचे ठरवले. स्थळ पाहायचे, पण वृद्धांना भेटायचे आणि तिथल्या माणसांची विचारपूसही करायची.

आणखी एक तुकडा पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. तो नवव्या लेखाचा. १९५६ म्हटले की आपल्या अंगावर शहारा येतो. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो बांधवांसह धम्मदीक्षा घेतली. योगायोगच म्हणायचा, त्याला चमत्काराचे रूप देण्याचे कारण नाही. पण हा नववा लेख काय सांगतो ते पाहा. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना प्रकारचे मंगलविधी करतात, त्यांचे फळ थोडे. दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, दान, हा धम्माचा मंगलविधी, त्याचे फळ मोठे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र या लेखात असले क्षुल्लक विधी बायका फार करतात असा एक टोला आहे. सम्राटाविषयी पूर्ण आदर ठेवून विचारावेसे वाटते की महाराज, ते विधी सांगणारे आणि त्यांची दक्षिणा घेणारे कोण होते?

बुरुड राजाचा कोट

आता प्रत्यक्ष स्तूपाकडे. नालासोपारा स्थानक पश्चिम रेल्वेवर वसई रोड आणि विरार यांच्यामध्ये येते. कल्याण-डोंबिवलीकडच्यांनी दिवा-वसई गाडीने वसई रोडला उतरून गाडी बदलावी. स्थानकाच्या पश्चिमेला बाहेर पडून रिक्षावाल्याला 'बौद्ध स्तूप' म्हणून सांगावे. नुसते 'सोपारा गाव' म्हटले तर तो भलतीकडे सोडील. पावसाळा टाळावा, मार्गशीर्ष ते माघ हा काळ चांगला. पाण्याची बाटली आणि टोपी घरूनच न्यावी.

पहिल्या नजरेला निराशा होईल, हे आधीच सांगून ठेवते. सांचीची चित्रे पाहून आलेली मुले विचारतील, 'तोरण कुठाय?' तोरण नाही. मोठा घुमट नाही. विटांचा गोल, झिजलेला उंचवटा, भोवती मोकळी जागा, झाडे आणि काही दगडी अवशेष. तेव्हा घाई करू नका. मुलांना बसवा, पाणी द्या आणि गोष्ट सांगा.

गावकरी या टेकाडाला पिढ्यान्‌पिढ्या 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडाचा राजा आणि त्याचा किल्ला! स्तूप विसरला गेला, भिक्खू गेले, पण लोकांच्या आठवणीत या जागेचा धनी कष्टकरी जातीचाच राहिला. शूर्पारक हे सोपाऱ्याचे जुने नाव, आणि शूर्प म्हणजे सूप. सूप विणणाऱ्याचे गाव आणि सूप विणणाऱ्याचा कोट असा मेळ मी मनाशी घालते. शब्दशास्त्रज्ञ मान हलवतील, हलवोत. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि ही भूमी काढली, ही कथा मात्र सगळ्यांना तोंडपाठ असते. बुरुड राजाची कोणी सांगत नाही.

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले. जुनागढचा हा माणूस, डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेला, जुन्या लिप्या वाचण्यात नाणावलेला. टेकाडाच्या मध्यभागी विटांच्या कोठडीत एक मोठी दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले, आणि भोवती ब्राँझच्या आठ मूर्ती : सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. मूर्ती इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकातील मानतात. यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणेही टेकाडात मिळाले. आणि सोन्याच्या त्या चिमुकल्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तुकडे. तथागतांच्या भिक्षापात्राचे ते तुकडे म्हणून कोणीतरी श्रद्धेने जपून ठेवलेले.

मुलांना येथे थांबून विचारावे, एवढ्या सोन्याचांदीच्या आत काय असेल असे वाटले होते? माझ्या भाचीने 'हिरा' म्हटले होते.

ते खरोखर तथागतांचे भिक्षापात्र होते काय, असा प्रश्न चिकित्सक वाचक विचारतील. विचारावाच. त्याचा पुरावा देता येत नाही. पुरावा आहे तो एवढाच, की या बंदरातल्या माणसांनी हिऱ्यामोत्यांच्या जागी भिक्षेच्या मडक्याचा तुकडा ठेवला.

आता गैरसोयीची गोष्ट. हे सारे सोपाऱ्यात पाहायला मिळत नाही. करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, फोर्टमधील टाउन हॉलच्या इमारतीत. नेहमी मांडून ठेवलेल्या असतील असे धरून जाऊ नये, आधी चौकशी करावी. अशोकाचा सोपारा शिलालेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे सोपारा पुरता पाहायचा तर दोन दिवस हवेत, एक नालासोपाऱ्याला आणि एक फोर्टात. मौल्यवान वस्तू सुरक्षित आहेत हे चांगलेच. पण सोपाऱ्याच्या शाळेतल्या मुलांना आपल्याच गावचा ठेवा पाहण्यासाठी विरार गाडीत लोंबकळावे लागते, याचा विचार व्हायला हवा. स्तूपाजवळ चांगल्या प्रतिकृती, छायाचित्रे आणि मराठीत दोन मोठे फलक एवढे तरी मागायला काय हरकत आहे?

दासीचा मुलगा

मुले अजून ऐकत असतील तर पूर्णाची कथा सांगा. 'दिव्यावदान' या बौद्ध संस्कृत ग्रंथात ती आहे. सोपाऱ्यात भव नावाचा श्रीमंत व्यापारी होता. तो आजारी पडला, बायको-मुलांनी पाठ फिरवली, आणि घरातल्या एका दासीने त्याची शुश्रूषा करून त्याला वाचवले. तिला झालेला मुलगा पूर्ण. बाप वारल्यावर भावांनी वाटणी केली : एकाला घर आणि शेत, दुसऱ्याला दुकान आणि परदेशातला माल, आणि थोरल्याच्या वाट्याला पूर्ण. होय, दासीचा मुलगा म्हणून तो स्वतःच वाटणीतली वस्तू ठरला!

थोरला भाऊ मात्र चांगला निघाला. पूर्ण आपल्या अकलेने चंदनाच्या व्यापारात मोठा झाला, सहा वेळा समुद्र ओलांडून आला. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी बरोबर होते. ते पहाटे बुद्धवचने म्हणत. ही कोणाची गाणी, असे त्याने विचारले. गाणी नव्हेत, बुद्धाची वचने आहेत, असे उत्तर मिळाले. पूर्ण थेट श्रावस्तीला गेला आणि भिक्खू झाला. पाली ग्रंथांत तथागत त्याला विचारतात की त्या प्रदेशातील लोक तापट आहेत, शिव्या देतील, मारतील, मग काय करशील? प्रत्येक वेळी पूर्णाचे उत्तर हेच, की याहून वाईट केले नाही म्हणजे ते चांगलेच म्हणायचे. तो परत आपल्या माणसांत आला, आणि पुढे सोपाऱ्यात चंदनाचा विहार उभा राहिला, असे कथा सांगते. तथागत पाचशे भिक्खूंसह आकाशमार्गाने येथे आल्याचेही तीत आहे. ते कथा म्हणून ऐकावे. वाटणीत मालमत्ता म्हणून धरलेल्या मुलाचा मान या गावात एवढा वाढला, हे समजायला आकाशमार्गाची गरज नाही.

सोपाऱ्याची माणसे दान देण्यात कधी मागे राहिली नाहीत. नाणेघाटातल्या पाण्याच्या एका पोढीवर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे नाव आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिला आहे. कान्हेरीत सोपाऱ्याच्या नागपालित मणिकाराचे सहकुटुंब दान कोरलेले आहे. आणि नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे प्रवाशांसाठी निवारे बांधले, विहिरी व तळी खोदली, आणि दमण, पार, डहाणू या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आज स्तूपावर आलेल्या बाईमाणसाला स्वच्छ स्वच्छतागृह कुठे मिळेल ते मी खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून ती सोय नातेवाइकाच्या घरी उरकूनच निघावे.

समुद्रापलीकडची माणसे

बंदर एका दिवसात बुडाले नाही. दहाव्या शतकात अल्‌ मसूदी नावाचा अरब प्रवासी या किनाऱ्यावर येऊन गेला. चौल, ठाणे यांच्याबरोबर तो 'सुबारा'चे नाव घेतो. तोच माणूस आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही फिरला होता. तिकडचे हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात येते आणि त्याच्या खंजिरांच्या मुठी व बुद्धिबळाच्या सोंगट्या होतात, असे त्याने लिहिले आहे.

पण त्या समुद्रावरून हस्तिदंताबरोबर माणसेही विकायला आणली गेली, हे विसरता कामा नये. वेळ असेल तर संध्याकाळी वसईचा किल्ला पाहावा. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. याच पोर्तुगिजांनी १५९३ पासून मोंबासाला फोर्ट जीझस हा किल्ला बांधला. दोन्ही किल्ल्यांवर हुकूम गोव्याहून चाले. आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातील घरांत राबत. दगडी कमानी पाहताना त्यांची आठवण ठेवावी, कारण त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही.

आज नालासोपाऱ्यात आफ्रिकेतून आलेली काही माणसे राहतात. बहुतेक पश्चिम आफ्रिकेकडची. त्यांच्याकडे लोक कसे पाहतात, खोली देताना काय बोलतात, हे तेथील आपल्या बांधवांनी मला सांगितले. एखाद्याच्या गुन्ह्याची बातमी येते आणि संशय सगळ्यांवर. आडनाव ऐकून 'खोली कालच गेली' म्हणणारे घरमालक आपण चांगले ओळखतो. रंग पाहून तेच उत्तर देणारा घरमालक आपल्यातलाच असेल तर? मला हा प्रश्न स्तूपावर बसूनच पडला. कारण पेरिप्लसचे पान उघडले की ज्यांच्याकडे आपण तांदूळ आणि कापड पाठवले ती ही त्याच खंडाची माणसे.

स्तूपावर गेल्यावर काय करावे? त्रिशरण-पंचशील घ्यावे, शांत बसावे. विटांवर मेणबत्त्या लावू नयेत, मेणाचे डाग निघत नाहीत आणि वीट तडकते. हळद, रंग, नारळ काहीही नको. मुलांना स्तूपावर चढू देऊ नये. आपली मुले म्हणून आपण कौतुकाने पाहतो, पण तो उंचवटा दरवर्षी थोडा थोडा ढासळतो. डबा खाल्लेल्या पत्रावळी बरोबर परत न्याव्यात. बुद्ध पौर्णिमेला येथे गर्दी असते, लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर दुसरा दिवस निवडावा.

शेजारी चक्रेश्वर मंदिराच्या आवारात जुन्या मूर्ती आहेत, त्यातली उभ्या ब्रह्मदेवाची मूर्ती शिल्प म्हणून पाहण्यासारखी आहे. तेथून गास, भुईगाव, निर्मळकडे जाणारा रस्ता अजून हिरवा आहे. वाडीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला खाडी पूर्वी कुठवर येत होती ते जरूर विचारा. एका आजोबांनी मला हात लांब करून शेत दाखवले आणि म्हणाले, 'हितवर पाणी व्हतं.' अशोकाच्या यादीतील वृद्धांची भेट आमच्या वाट्याला अशी आली.

घरी नेण्यासाठी वसईची सुकेळी घ्यावी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, पानात गुंडाळून विकतात, महिनोन्‌महिने टिकतात. परतताना विरारहून भरून आलेल्या गाडीत मुलांना घेऊन चढण्याचे धाडस करू नये. नालासोपाऱ्याहूनच सुटणाऱ्या काही गाड्या आहेत, त्यांच्या वेळा उतरतानाच फलकावर पाहून ठेवाव्यात.